अन्शेल नावाची हाक

या, जरा जवळ सरकून बसा. मागे भिंतीला टेकलेल्यांनीही पुढे यावं, जागा आहे. आज तुम्हाला एका नावाची गोष्ट सांगतो. नाव तसं लहानसंच, अर्ध्या श्वासात म्हणून होईल. पण एका आईनं ते चोवीस वर्षं ओठांच्या आत धरून ठेवलं होतं. देवानं माणसाला डोळे दिले, हात दिले, सगळं दिलं. पण मला विचाराल तर त्याची सगळ्यात मोठी कृपा ही, की आपल्याला हाक मारता येते आणि ती ऐकून कुणीतरी वळून बघतं. ज्याला ही कृपा रोज मिळते त्याला तिची किंमत कळत नाही. हिंदेला कळली होती.

त्या शुक्रवारी सकाळपासून इस्राएलमधल्या हैफाच्या टेकडीवरच्या तिच्या घरात चणे शिजत होते. सोमवारी तिच्या लेकीला, प्निनाला, मुलगा झाला होता आणि कालच मायलेकरं इस्पितळातून घरी आली होती. मुलगा झाला की पहिल्या शब्बाथच्या, म्हणजे शनिवारची सुट्टी सुरू होते त्या शुक्रवारच्या, संध्याकाळी शेजारपाजाऱ्यांनी यायचं, बाळाला सलाम करायचा, आणि मीठ-मिरी लावलेले उकडलेले चणे खायचे, ही हिंदेच्या गावाकडची रीत. चणेच का? तर बाळ आईच्या पोटात देवाचं सगळं शास्त्र शिकतं म्हणतात, आणि बाहेर येताना देवदूत त्याच्या ओठावर बोट ठेवतो तसं सगळं विसरून जातं. म्हणजे बिचारं दुखवट्यातच जन्माला येतं. आणि दुखवट्याचं खाणं चणे, गोल आणि शोकात बसलेल्यासारखे मुके. आनंदाच्या घरी दुखवट्याचं खाणं वाढणारी ही माणसं. त्यांची गंमत वाटते मला.

चण्यांवरचा फेस काढता काढता हिंदे रेडिओ ऐकत होती. रोज दुपारी रेडिओवर हरवलेल्या माणसांची नावं वाचली जात. अमक्या गावचा अमका आपल्या बहिणीला शोधतो आहे, अमकी आपल्या काकाला. युद्ध संपून इतकी वर्षं झाली तरी नावं संपत नव्हती. नाव ‘अ’ नं सुरू झालं की हिंदेची पळी पातेल्यावर थांबायची. पुढे दुसरंच काही निघालं की पळी पुन्हा चालू. घरातल्या सगळ्यांना ही पळी ठाऊक होती. तिच्याबद्दल कुणी बोलत नसे.

तिच्या पहिल्या संसारातला मुलगा होता अन्शेल. उंचीनं बापावर गेलेला, म्हणून चौदाव्या वर्षीच मोठा दिसायचा. कार्पेथियन डोंगरातल्या त्यांच्या गावावरून ज्या वर्षी आगगाडी सगळ्या ज्यूंना नाझींच्या छावणीकडे घेऊन गेली, त्या वर्षी फलाटावर बायका एकीकडे आणि पुरुष एकीकडे झाले, आणि अन्शेल पुरुषांच्या रांगेत ताठ मानेनं चालत गेला. हिंदेनं त्याला पाहिलं ते तेवढंच, पाठमोरं. नवरा मेईर त्याआधीच लष्कराच्या बिगारीत बर्फात गेला होता. त्याच्या मरणाची खात्री होती, त्याच्यासाठी ती दरवर्षी मृताच्या स्मरणाचा दिवा लावी. अन्शेलसाठी कधी लावला नाही.

संध्याकाळी माणसं जमली. जेवणं उरकून शेजारी आले, देवळातले दोघे-तिघे म्हातारे आले. टेबलाशी मुख्य जागी येखिएल बसला, हिंदेचा दुसरा नवरा, बेकरीत कामाला असणारा, बोटांच्या पेरांत कायमचं पीठ बसलेला शांत माणूस. युद्धानंतर निर्वासितांच्या छावणीत दोन उजाड घरांनी एकमेकांशी लग्न केलं होतं, आणि प्निना तिथंच जन्मली होती. जावई बारूख दारापाशी उभा राहून येणाऱ्यांचे कोट घेत होता. त्याचे आईवडील, एस्त्रेया आणि पेपो, खिडकीशी बसले होते. ही मंडळी ग्रीसमधल्या सालोनिकाची. पेपो युद्धाआधीच हैफाच्या बंदरावर हमालीला आला आणि बायकोला घेऊन राहिला. त्याचे खांदे अजून दारात अडायचे. एस्त्रेयानं कांद्याच्या सालीत रात्रभर भाजलेली तपकिरी अंडी आणली होती.

‘‘अंडी करपली वाटतं,’’ फ्रादेल बशीकडे बघत म्हणाली.

फ्रादेल म्हणजे मेईरची बहीण, हिंदेची पहिल्या घरची नणंद. मेईर गेला, पण नणंद-भावजयीचं नातं काही त्याच्याबरोबर गेलं नाही. तिकडे नाझींच्या छावणीत हिंदे तापानं फणफणली तेव्हा पहाटेच्या हजेरीला फ्रादेल तिच्या पुढे उभी राही आणि स्वतःच्या पाठीचा टेका देऊन तिला उभं धरी. खाली पडलेल्या बाईचं काय होतं ते दोघींनाही दिसत होतं. त्या पाठीची आठवण हिंदेला कायम होती, म्हणूनच फ्रादेलचं तोंड ती इतकी वर्षं सहन करत आली होती.

‘‘करपली नाहीत, अशीच असतात,’’ एस्त्रेया हसून म्हणाली. ‘‘खाऊन तर बघा.’’

फ्रादेलनं एक सोललं, खाल्लं, आणि लगेच दुसरं उचललं. पेपोनं बायकोकडे बघून भुवई उडवली.

गाणी झाली. म्हाताऱ्यांनी मेज वाजवत दोन चाली म्हटल्या. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. प्निना पलंगावरून ऐकत होती, बाळ तिच्या कुशीत होतं. आणि मग, चण्यांची परात तिसऱ्यांदा फिरत असताना, फ्रादेलनं हात पुसले.

‘‘वहिनी, सगळे आहेत म्हणून आत्ता बोलते. मुलाचं नाव अन्शेल ठेवायचं.’’

कुणीतरी चणा चावत होतं, तो आवाजही थांबला.

‘‘ते नाव ठेवता येणार नाही, वन्सं,’’ हिंदे म्हणाली. ‘‘ते वापरात आहे.’’

आता इथं तुम्हाला एक सांगायला हवं. हिंदेच्या मुलुखात बाळाला नाव द्यायचं ते गेलेल्या माणसाचं. आजोबा गेले, त्यांचं नाव नातवाला. म्हणजे ते पुन्हा घरात वावरतात. जिवंत माणसाचं नाव चुकूनही द्यायचं नाही, ते त्याचं मरण मागण्यासारखं. म्हणून पाळण्यातल्या पोराला अन्शेल म्हणणं म्हणजे भर घरात, चण्यांच्या परातीसमोर, अन्शेल मेला असं कबूल करणं. फ्रादेलला हे माहीत होतं. तिला तेच हवं होतं, आणि ते ती दुष्टपणानं मागत नव्हती.

‘‘चोवीस वर्षं झाली, वहिनी.’’

‘‘मला मोजता येतं.’’

‘‘मीही त्याची आत्या आहे. त्याची पहिली टोपी मी विणली होती. तू गेलीस, मी गेले, की हे नाव घेणारं जगात कुणी उरणार नाही. त्याला थडगं नाही, दगड नाही. नाव तरी कुठेतरी ठेवू दे ना मला.’’

हिंदे उठली. तिनं टेबलावरची चण्यांची परात उचलली आणि स्वयंपाकघराकडे निघाली. पाहुण्यांच्या पुढचं खाणं उचलणारी यजमानीण त्या खोलीत कुणी पाहिली नव्हती. येखिएल नुसता तिच्या पाठीकडे बघत राहिला.

एस्त्रेयाला यातलं अर्धंच कळलं होतं. नणंद-भावजय आपल्या गावच्या भाषेत बोलल्या होत्या. तिला एवढंच उमगलं की नावावरून भांडण आहे आणि आपल्या सुनेच्या आईचा चेहरा पांढरा पडला आहे. गोड स्वभावाची बाई. तिनं मोडक्या हिब्रूत, सगळ्यांना ऐकू जाईल असं, तोडगा काढला.

‘‘कशाला भांडता? खरं तर आमच्यात पहिल्या नातवाला बापाच्या बापाचं नाव. पण आमचे हे म्हणतात, राहू दे. मग आपल्या व्याह्यांचंच ठेवू या. इतका देवमाणूस. येखिएल ठेवा.’’

येखिएल समोरच बसला होता, हातात चहाचा पेला. एक म्हातारा ठसकला. फ्रादेल डाव्या बाजूला वळून तीनदा थुंकली, ‘थू थू थू’. दुसऱ्या म्हाताऱ्यानं येखिएलच्या बाहीला हात लावून पाहिला, जणू तो अजून उबदार आहे का बघत होता. येखिएलला हसू आलं. हिंदेला मात्र आलं नाही. ती स्वयंपाकघराच्या दारात परात घेऊन उभी होती आणि तिच्या तोंडून निघून गेलं:

‘‘विहीणबाई, आमच्या घरात बसून आमच्याच धन्याचं मरण मागता?’’

एस्त्रेयानं नवऱ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. आपण काय म्हणालो हे तिला कळेना, पण काय ऐकलं ते कळलं. तिनं अंड्यांचं फडकं गोळा केलं. पेपोनं टोपी घातली आणि जाताजाता येखिएलच्या खांद्यावर थाप मारली, ‘‘जगा हो व्याही, तुम्ही शंभर वर्षं जगा, आमचं काही म्हणणं नाही.’’ दार लागलं.

पाहुणे पांगले. फ्रादेलही गेली. बारूख आईवडिलांना सोडायला खाली उतरला. हिंदे परात घेऊन तशीच उभी होती, तेव्हा आतून प्निना बोलली. आवाज चढवला नाही तिनं. म्हणाली, लहानपणापासून या घरात तो सगळीकडे होता. खुंटीवर एक जागा मोकळी, बाकावर एक जागा मोकळी, आणि दाराला कडी घालताना तुझा हात घुटमळायचा, आई. पण त्याच्याबद्दल विचारायची चोरी. मला भाऊ आहे की होता, तेही कुणी सांगितलं नाही.

‘‘मला एकदा तरी त्याला नावानं हाक मारायची होती,’’ ती म्हणाली. ‘‘एवढंच.’’

हिंदेनं परात खाली ठेवली. 

दुसऱ्या दिवशी दुपारी, शब्बाथच्या त्या सुस्त वेळेला, हिंदे डोक्याला रुमाल बांधून निघाली. टेकडीवरून बंदराकडे उतरणाऱ्या लांबलचक दगडी पायऱ्या तिच्या गुडघ्यांना आवडत नसत. पण पाहुणीचा अपमान तिच्या हातून झाला होता, तोही बाळंतघरात, आणि वर्षातून एकदा येणारा प्रायश्चित्ताचा दिवस उजाडेपर्यंत तो उशाशी घेऊन झोपणारी ती बाई नव्हती. मध्येच ती थांबायची, समोर समुद्र चकचकायचा, आणि दरवेळी बंदरातल्या जहाजांकडे तिची नजर जायची. प्रत्येक जहाजाकडे ती अशीच बघे. ही सवय आता डोळ्यांची होती, तिची राहिली नव्हती.

एस्त्रेयाचं घर खालच्या गल्लीत, दारात तुळशीसारख्या वासाच्या झाडाच्या कुंड्या. तिनं दार उघडलं, पाहिलं, आणि ताठ चेहऱ्यानं आत बोलावलं. रीत मात्र चुकवली नाही: तबकात संत्र्याच्या सालीचा मुरांबा, एक चमचा, पाण्याचा पेला. आलेल्यानं चमचाभर मुरांबा खायचा, पाणी प्यायचं, यजमानिणीला चांगलं चिंतायचं, मग बोलायचं. पलीकडे पेपो पलंगावर तोंडावर वर्तमानपत्र घेऊन पडला होता.

हिंदेनं मुरांबा खाल्ला. ‘‘तुमच्या हातांना आरोग्य मिळो,’’ म्हणाली. आणि मग, ‘‘विहीणबाई, काल मी चुकले.’’

‘‘मी काय वाईट बोलले ते मला बारूखनं वाटेत सांगितलं,’’ एस्त्रेया म्हणाली. ‘‘पण मला अजून समजत नाही. नाव देणं म्हणजे मान देणं ना? ज्याचं नाव त्यानं ऐकायला नको?’’

आणि ती सांगू लागली. दोघींची हिब्रू मोडकी, पण एकीचं मोडलेलं दुसरी जोडून घेत होती. सालोनिकात एस्त्रेयाच्या वडिलांचं नाव मेनाहेम. तिला चार भाऊ, चौघांचे थोरले मुलगे मेनाहेम. सगळे एकाच अंगणाभोवती राहायचे. जेवणं तयार झाली की आई सज्जात येऊन एकदाच ओरडायची, मेनाहेम! आणि खाली एकदम पाच माना वळायच्या, एक पांढऱ्या केसांची आणि चार काळ्या केसांच्या. आई दरवेळी हसायची, जणू पहिल्यांदाच बघतेय. लहानपणी एस्त्रेयाला राग यायचा, की मुलींच्या नावाला असं कुणी वळत नाही.

‘‘मग एका वसंतात सगळ्यांना नेलं,’’ ती म्हणाली. ‘‘आम्ही इकडे होतो म्हणून राहिलो. कधी कधी यांना बंदरावर सोडून येताना मी हळूच हाक मारून बघते. मेनाहेम. आसपास कुणी नाही असं बघूनच मारते. कुणी वळत नाही. वळणार कोण?’’

तिनं रिकामा चमचा तबकात सरळ करून ठेवला.

हिंदेनं पाण्याचा पेला खाली ठेवला. मग जे तिनं येखिएललाही पुरतं सांगितलं नव्हतं, ते या दोनच वर्षांपूर्वी झालेल्या विहिणीला सांगू लागली. तिचे वडील गावोगाव फिरून गाऊन प्रवचन करणारे होते. शब्बाथच्या उतरत्या दुपारी देऊळ भरायचं, ते उभे राहायचे, गोष्टीत गाणं आणि गाण्यात गोष्ट; दारं-खिडक्यांनाही कान फुटायचे. शेवटी एक बिनशब्दांची चाल असे. तिचा पहिला अर्धा ते म्हणायचे आणि थांबायचे. दुसरा अर्धा मागच्या बाकावरून अन्शेल म्हणायचा. आजोबा हाक मारतात आणि नातू ओ देतो, अशी ती चाल. लोक त्या ‘ओ’साठी थांबून राहत. युद्धानंतर छावणीत हिंदेला शेजारच्या तालुक्यातला एक माणूस भेटला. म्हणाला, शेवटच्या वसंतात कैद्यांना पायी हाकत नेत होते तेव्हा एका गोठ्यात एक उंच मुलगा अंधारात चाल म्हणत होता. कुठली चाल, विचारलं हिंदेनं. त्यानं गुणगुणून दाखवली. तोच दुसरा अर्धा.

‘‘पहिला अर्धा नव्हता,’’ हिंदे म्हणाली. ‘‘नुसतं उत्तर. कुणी हाक न मारता तो ओ देत होता, विहीणबाई. मग मी त्याला मेला कसं म्हणू?’’

एस्त्रेयानं तिचा हात धरला. तो जिवंत आहे असं ती म्हणाली नाही, नाही असंही म्हणाली नाही. खोटा दिलासा देण्याइतकी ती अडाणी नव्हती.

‘‘ते देवाला ठाऊक,’’ ती म्हणाली. ‘‘मला एवढंच माहीत, की आमच्याकडे नाव ठेवायला आधी कुणाला मारावं लागत नाही.’’

वर्तमानपत्राखालून पेपोचा आवाज आला, ‘‘आणि माझ्या नावाची काळजी करू नका. बंदरावर दिवसभर सगळे पेपो पेपो ओरडत असतात, कान किटले.’’

‘‘झोपा तुम्ही,’’ एस्त्रेया म्हणाली.

हिंदे पायऱ्या चढून परत आली तेव्हा सूर्य कलला होता. येखिएल सज्जात बसून शब्बाथ उतरायची वाट बघत होता, पुस्तक मांडीवर. ती शेजारी बसली. दम लागला होता. तिनं त्याला सगळं सांगितलं आणि मग जे वाटेत प्रत्येक पायरीवर तिला टोचत होतं ते विचारलं.

‘‘अहो, पण आपल्यात जिवंताचं नाव दिलं तर त्याचं आयुष्य तुटतं म्हणतात. तो कुठेतरी असेल, आणि माझ्याच हातून...’’

‘‘मूल बापाच्या रिवाजानं चालतं,’’ येखिएल म्हणाला. ‘‘असंच शास्त्र आहे. बारूख सालोनिकाचा, तेव्हा हे पोर सालोनिकाचं. त्याच्या घरी जिवंताचं नाव देणं म्हणजे त्याला आयुष्य चिंतणं. तुझ्या अन्शेलचं यात काही तुटत नाही.’’

‘‘हे तुम्हाला काल माहीत होतं?’’

‘‘होतं.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘तू परात उचलली होतीस,’’ तो म्हणाला. ‘‘परात हातात असलेल्या बाईला शास्त्र सांगू नये.’’

ती हसली, आणि हसताहसता एकदम थांबली. येखिएललाही आधीचा संसार होता. त्याची मुलं त्यानं जाताना पाहिली होती, त्यामुळे त्याला वाट बघायला काहीच उरलं नव्हतं. थोरल्याचं नाव काल्मन. चण्यांभोवती एवढा कल्लोळ झाला, आणि हा माणूस एका शब्दानं म्हणाला नाही की माझाही एक मुलगा आहे, ज्याचं नाव द्यायला कुठल्याच रिवाजाची आडकाठी नाही.

‘‘काल्मन,’’ ती म्हणाली. ‘‘तुम्ही मागितलं का नाहीत?’’

येखिएलनं पुस्तकाच्या कडेवरून बोट फिरवलं. ‘‘तो थांबेल. त्याला घाई नाही आता. पुढच्याला देऊ. आधी ज्याची वाट बघतोय त्याला.’’

त्या संध्याकाळी हिंदेनं प्निनाच्या पलंगाशी बसून तिला सांगितलं, नाव अन्शेलच ठेवू, बारूखच्या घरच्या रीतीनं. प्निनानं बाळ उचलून आईच्या मांडीवर दिलं.

सोमवारी सकाळी टेकडीवरच्या छोट्या देवळात सुंता झाली. एलियाहू संदेष्ट्याची खुर्ची भिंतीशी मांडली होती, वर मखमली उशी. प्रत्येक सुंतेला तो येतो म्हणून ती खुर्ची रिकामी ठेवतात. लोक तिच्याकडे हसून बघतात, पण तिच्यावर बसत कुणी नाही. न दिसणाऱ्या पाहुण्यासाठी जागा ठेवणं हिंदेला नवं नव्हतं.

फ्रादेल आली ती थेट तिच्यासमोर उभी राहिली. रविवारीच तिच्या कानावर गेलं होतं.

‘‘ऐकलं मी. ठेवताय नाव, पण तिकडच्या रीतीनं. म्हणजे माझ्या भाच्यासाठी मी एकटीनंच दिवा लावायचा?’’

तेव्हा हिंदेला कळलं की फ्रादेल इतकी वर्षं आपल्या स्वयंपाकघरात, कुणाला न सांगता, दिवा लावत आली आहे. राग यायला हवा होता. पण आठवली ती हजेरीच्या रांगेतली पाठ.

‘‘तुम्ही तुमचा दिवा लावा, वन्सं. मी विझवायला येणार नाही. मला माझी हाक मारू द्या.’’

‘‘आणि उद्या खरंच आला तो, तर? घरात दोन अन्शेल?’’

‘‘तर दोघं वळतील,’’ हिंदे म्हणाली.

फ्रादेलनं नाक ओढलं. ‘‘वेडी आहेस,’’ म्हणाली, आणि हिंदेच्या रुमालाची सुटलेली गाठ नीट बांधून दिली. मग बायकांच्या बाजूला तिच्या पुढे जाऊन उभी राहिली, पूर्वी राही तशीच.

येखिएलनं बाळ मांडीवर धरलं. पेपोनं आपल्या भल्या दांडग्या हातांनी बाळाचं फडकं धरलं. सुंता करणारे रब्बी डोंगराकडचेच, म्हातारे, शेकडो मुलांना नावं दिलेले. त्यांनी बारूखला कानात नाव विचारलं. बारूखनं सांगितलं. रब्बींनी सवयीनं पुढचं विचारलं, कुणाचं, गेलेल्या कुणाचं? त्याच्या आत्म्यासाठी दोन शब्द म्हणतो.

बारूख गोंधळला. त्यानं बायकांच्या बाजूला पाहिलं. सगळं देऊळ तिकडे वळलं. मग हिंदे बोलली, आणि तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला, प्रवचनकाराची लेकच ती.

‘‘ज्याची वाट बघतोय त्याचं.’’

रब्बींनी कपाळावरून हात फिरवला. क्षणभर त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. बहुधा त्यांच्याही घरी कुठलं तरी दार अर्धं उघडं असावं. मग त्यांनी प्याला उचलला आणि मोठ्यानं म्हटलं, इस्राएलमध्ये या बाळाचं नाव अन्शेल, बारूखचा पुत्र. जसा तो आज देवाच्या या करारात आला तसा शास्त्रात, लग्नमंडपात आणि सत्कर्मात येवो. सगळे ‘आमेन’ म्हणाले. एस्त्रेया रडत होती आणि हसतही होती. फ्रादेलचा आमेन सगळ्यांत मागून आला, पण आला.

बाळ हिंदेच्या हातात दिलं तेव्हा ते वाइनमध्ये भिजवलेला बोळा चोखत पेंगत होतं. ती त्याच्या कानाशी वाकली. ‘‘अन्शेल,’’ म्हणाली. चोवीस वर्षांनी तिनं ते नाव कुणाला तरी उद्देशून म्हटलं होतं. बाळ काही वळलं नाही, आठ दिवसांचं पोर ते. नुसती मूठ उघडली आणि मिटली. तिला तेवढं पुरलं.

पुढे ते पोर चालू-बोलू लागलं, वयाच्या मानानं सोट्यासारखं उंच. आजीच्या घराखालच्या मोकळ्या जागेत दिवसभर मातीत खेळायचं. जेवायची वेळ झाली की हिंदे सज्जात यायची. ती नुसतं ओरडायची नाही. वडिलांच्या चालीचा पहिला अर्धा म्हणायची आणि शेवटी नाव जोडायची. आणि खालून दुसरा अर्धा यायचा, बोबडा, सूर सोडून. तो त्याला फ्रादेलनं शिकवला होता. हिंदेखेरीज ती चाल पुरी येणारी तीच एक उरली होती. धुळीतल्या डोक्यांमधलं एक डोकं वळायचं, पोर पळत जिना चढायचं.

पण हिंदे लगेच आत जायची नाही. ती कठड्याशी तशीच थांबायची, रस्ता जिथं वळून बंदराकडे उतरतो तिकडे बघत. आणखी एक मान वळतेय का, ते बघत. मग वास येऊ लागला की आतून येखिएल म्हणायचा, हिंदे, रस्सा लागतोय. आणि ती आत जायची.

तर बाबांनो, बायांनो, उठण्याआधी एक मागणं. तुमच्या घरी कधी चणे उकडले, तर मूठभर बाजूला काढून ठेवा आणि मेईरच्या मुलाची, त्या थोरल्या अन्शेलची आठवण काढा. रडून काढू नका. बाहेर गेलेल्या, यायला जरा उशीर झालेल्या पोराची घरात काढतात ना, तशी काढा.